मिस व्हर्नेल यंदा कुणाचं नाव घेणार?

जेफरसन रस्त्याचा सिग्नल ओलांडून आम्ही पलीकडे आलो, तेव्हा मिस व्हर्नेलनी डोक्यावरची जांभळी हॅट काढून माझ्या हातात दिली.

"धर जरा. डोक्यात पाच सिनेमे कोंबलेत, वर ही हॅट. वाफ जायला जागा नाही."

हॅट चर्चची होती, पायांतले बूट मात्र पळायचे. दर वर्षी सिनेमाचे पुरस्कार जाहीर होतात त्या रविवारी त्यांचा हाच वेष असतो. प्रार्थना संपली की लायमर्ट पार्कहून निघायचं आणि क्रेनशॉ रस्त्याने थेट विल्शरपर्यंत चालत जायचं. याच रस्त्यावर त्यांनी उभी हयात बस चालवली. बसमध्ये प्रवासी म्हणून बसून त्यांना विचार करता येत नाही, उजवा पाय सारखा ब्रेक शोधतो म्हणतात. म्हणून पुरस्काराच्या दिवशी पायी. विल्शरजवळच्या हॉलमध्ये पोचेपर्यंत ठरलेलं असायला हवं, की मूळ पटकथेचा पुरस्कार कुणाला मिळणार. तिथे आमची सगळी मंडळी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली असतात.

मी दर वर्षी सोबत जाते. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती.

"पाणी तरी चालतं ना तुला?" त्यांनी विचारलं.

"पाणी चालतं. चंद्र दिसला की जेवेन."

"तुझा देव चंद्र उगवेपर्यंत उपाशी ठेवतो, आमचे पास्टर दुपारी दोनपर्यंत बोलतात. एकूण एकच."

एका सलूनच्या दारातून न्हाव्याने हाक मारली. "मिस व्हर्नेल, 'तारघर'च ना यंदा? सगळे तेच म्हणतायत."

"सगळे म्हणतायत तर मला कशाला विचारतोस? जा, त्याच्या कानामागचा साबण पूस आधी."

पुढे गेल्यावर मी हळूच विचारलं, "पण 'तारघर'च ना?"

"वॉशिंग्टन रस्ता येईपर्यंत मी बोलत नाही, तुला माहीत आहे."

त्यांची पद्धत सांगते. 'तारघर' युद्धातल्या तारमास्तरांचा सिनेमा, मोठ्या पैशाचा, आणि अख्ख्या शहरातले जाणकार त्याचंच नाव घेत होते. मिस व्हर्नेल जाणकारांचं वाचत नाहीत. त्या मॉलमधल्या थिएटरात दुपारच्या खेळाला मागच्या रांगेत बसतात आणि शेवटची काही मिनिटं पडद्याकडे बघतच नाहीत. डोळे मिटून किल्ल्या ऐकतात. आमच्या या शहरात ज्याला त्याला गाडी, आणि प्रत्येक गाडीला पार्किंगमधून सगळ्यांच्या आधी बाहेर पडायचं असतं. सिनेमा संपत आला की अंधारात हात खिशात जातात, पर्समध्ये जातात, खुळखुळ सुरू होते.

"मतं देणारे काय आभाळातून पडलेत?" त्या म्हणतात. "त्यांनाही पार्किंगमधून निघायचं असतं. ज्या सिनेमाला ते किल्ली विसरतात, त्याला ते मत देतात."

दर वेळी खरं होतं असं नाही. गेल्या वर्षी त्या सपशेल तोंडावर पडल्या. मागून कळलं, त्या दुपारी थिएटरात शाळेची सहल आली होती. पोरांकडे कसल्या आल्यात किल्ल्या.

आणखी एक नियम त्यांनी स्वतःच घालून घेतलेला आहे. जी पटकथा त्यांनी स्वतः वाचलेली असेल, तिचं नाव त्या घेत नाहीत. आपल्या तोंडून गेलेला शब्द आपल्याला गोडच लागतो, त्याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. आजवर हा नियम कधी आडवा आला नव्हता. यंदा आला.

त्याचं असं. मी या शहरात नवीन होते तेव्हा मला इंग्रजी ऐकून कळायचं नाही. मराठी शाळेत शिकलेली मी, वाचायला यायचं, पण इथल्या लोकांचं बोलणं म्हणजे पाण्यात बुडी मारून ऐकल्यासारखं वाटायचं. कळायचा तो एकच आवाज, बस चालवणाऱ्या बाईचा. तेव्हा थांब्यांची नावं यंत्र सांगत नसे, चालकच सांगे, आणि मिस व्हर्नेल असं नाव घेत की त्या रस्त्यावर आपलं कुणीतरी राहत असावं असं वाटे. मी कपडे शिवायच्या कामाला जायची. माझा थांबा आला की त्या आरशातून बघत आणि म्हणत, "अ‍ॅडम्स. शिंपीणबाई, तुझं अ‍ॅडम्स आलं."

त्याच बसमध्ये मागच्या बाकावर जोझेट ब्रूसार्ड बसायची. दाताच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम करायची, आणि येता-जाता मांडीवर कागद ठेवून सिनेमे लिहायची. एक दिवस उतरताना ती मिस व्हर्नेलना म्हणाली, "तुमच्या आवाजात माझा सिनेमा ऐकायचाय मला."

शनिवारी त्याच विल्शरजवळच्या हॉलमध्ये लिहिणाऱ्यांची बैठक भरते. नवीन पटकथा टेबलाभोवती बसून मोठ्याने वाचतात. पात्रांची वाक्यं नट वाचतात, आणि मधलं सगळं, म्हणजे कोण आत आलं, दिवस आहे की रात्र, दार हळू लावलं की आपटलं, ते एकच माणूस वाचतं. त्या माणसाला कुणी टाळ्या देत नाही आणि त्याने मतही सांगायचं नाही, असा रिवाज. ती खुर्ची मिस व्हर्नेलना मिळाली. बसची नोकरी सुटली, नवरा क्लिफर्ड गेला, पण शनिवारची खुर्ची काही सुटली नाही. मी त्यांच्यासोबत जाऊ लागले ती खायचं घेऊन.

त्या टेबलावर वाचलेली जोझेटची एक पटकथा यंदा पुरस्काराला निवडलेल्या पाचांत होती. 'दोन खुर्च्या'. दोन बहिणींचं केस कापायचं दुकान, आईच्या घरावरून अबोला, आणि शेवटी थोरली बहीण रिकामी खुर्ची दाराकडे वळवून बसते, एवढंच. धाकटी येते की नाही ते दाखवतच नाहीत. त्या शेवटाची सगळीकडे चर्चा.

"किल्ल्या वाजल्या का हो त्याला?" मी विचारलं.

मिस व्हर्नेल समोर बघत चालत राहिल्या. आम्ही अ‍ॅडम्स मागे टाकलं. एरवी त्या रस्त्याचं नाव स्वतःशीच पुकारतात, त्या दिवशी तेही पुकारलं नाही. पुढे रस्ता फ्रीवेच्या पुलाखालून जातो. डोक्यावर गाड्यांचा एवढा घोंघाट की शेजारच्याचं ऐकू येत नाही. तिथे मध्यावर त्या उभ्या राहिल्या.

"दोनदा गेले मी. एक किल्ली वाजली नाही. एक माणूस खोकला तर पुढच्या बाईने वळून बघितलं."

"मग जिंकणार ती."

"जिंकणार. तोच तर घोळ आहे." त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि तोंड कानाजवळ आणलं. "कुंदा, तो शेवट माझा नाही. तिचाही नाही. तुझ्या साखरांब्याचा आहे."

मला आधी हसूच आलं.

"हसू नकोस. त्या शनिवारी तू पावाला साखरांबा लावून दिलास. मी खाल्ला, बोटं चाटली, वाचायला बसले. शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटली. मी पान उलटलं तर मागे नुसतं कव्हर. मला वाटलं संपलं. मी म्हटलं, काळोख, समाप्त."

"आणि आतल्या पानावर?"

"आतल्या पानावर धाकटी येते, दोघी गळ्यात पडतात, आईचा फोटो, पाऊस, सगळं. एकही संवाद नव्हता, म्हणून नटांना काही कळलं नाही. त्यांनी प्रती मिटल्या होत्या. खोली अशी गप्प झाली कुंदा, की बाहेरचा सिग्नल बदललेला ऐकू यावा. मग टाळ्या. प्रत परत देताना शेवटचं पान मला जाड लागलं. कोपरा सोडवून बघते तर आत ओळी. तेवढ्यात जोझेट रडत आली आणि माझे हात धरून म्हणाली, मिस व्हर्नेल, तुम्ही तिथे थांबलात. मला कळलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी ती पानं अंगठ्याने पुन्हा दाबून बसवली."

वरून एक मोठा ट्रक गेला. मी त्यांचा हात धरून त्यांना पुलाबाहेर उन्हात आणलं.

"मुलाखतीत ती माझं नाव घेते," त्या चालता चालता सांगू लागल्या, आणि पाय भराभर पडू लागले. "मिस व्हर्नेलनी जाणूनबुजून थांबून मला शेवट दाखवला, म्हणते. आज जिंकली तर स्टेजवर म्हणेल. सगळ्या जगापुढे. आणि मी रविवारची हॅट घालून ते ऐकत बसू?"

"मग सांगून टाका तिला."

"कधी? आज? नवीन कपडे घालून बसली असेल पोर. तिला सांगू, तुझ्या ज्या शेवटाला सगळे डोक्यावर घेऊन नाचतायत तो म्हणजे नुसतं चिकटलेलं पान आहे? आणि मग ती हरली तर? जन्मभर वाटेल तिला, की माझ्या हातात काही नव्हतंच."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर देवाला काय सांगू? त्याला तर माहीतच आहे. तो काही किल्ल्या शोधत नव्हता त्या वेळी."

वॉशिंग्टनला पोचल्यावर त्यांनी पर्समधून फोन काढला आणि जोझेटला लावला. घंटी वाजत राहिली, मग निरोप ठेवा म्हणणारं यंत्र आलं. मिस व्हर्नेलनी फोन बंद केला. "यंत्राला कबुली द्यायची नसते." पुन्हा पिकोपाशी लावला, पुन्हा यंत्र. ऑलिम्पिक आलं तरी तेच. मी मनात गणपतीला म्हटलं, आज चतुर्थी आहे, तू जागाच असशील, जरा बघ.

हॉलमध्ये उन्हं तिरपी आली होती. भिंतीवर मोठा पडदा, लांब टेबलावर तळलेली कोंबडी, मॅकरोनी, रताळ्याचं पुरण भरलेल्या गोड पेस्ट्र्या. माझ्यासाठी कुणीतरी केळी ठेवली होती. सगळ्यांच्या मधे, मखमलीच्या तुकड्यावर, जुन्या बसमधली घंटा तिच्या दोरीसकट ठेवलेली. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याने ती वर्षभर आपल्या घरी टांगायची. गेलं वर्षभर ती डीकन ल्युशसच्या घरी होती. ल्युशस म्हणजे चर्चचे कारभारी, निवृत्त पोस्टमन, आणि मिस व्हर्नेलचे जन्माचे प्रतिस्पर्धी.

"या, या, चालकबाई," ते म्हणाले. "उशीर झाला. वाटेत किल्ल्या मोजत होतीस काय?"

"तुझी घंटा पुसून ठेवलीस का ल्युशस? परत द्यायची आहे."

एकेकाने उठून नावं घेतली. 'तारघर', 'तारघर', मधेच कुणीतरी दुसरं, पुन्हा 'तारघर'. ल्युशसही 'तारघर'. 'दोन खुर्च्या' आपल्या घरची, पण प्रेमापोटी घंटा कोण घालवणार. शेवटी मिस व्हर्नेल उठल्या. त्यांनी माझ्याकडून हॅट घेतली, डोक्यावर नीट बसवली, आणि टेबलाला दोन्ही हात टेकले.

"मी 'दोन खुर्च्या'चं नाव घेते."

ल्युशसनी हातातला काटा खाली ठेवला. मग म्हणाले, "व्हर्नेल, नियम तुझाच आहे. स्वतः वाचलेल्याचं नाव नाही."

"माझाच आहे. आणि मी मोडत नाहीये. तो शेवट मी वाचलेलाच नाही." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पाव, साखरांबा, अंगठा, जाड पान. आवाज तोच, थांबे पुकारायचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मध्येच एकदा अडखळल्या तेवढ्या. "ज्या शेवटाला लोक किल्ल्या विसरतात, तो माझ्या तोंडून गेला नाही. तो मी चुकवला. म्हणून माझ्या कानावर मी विश्वास ठेवते आणि तिचं नाव घेते. आणि तिने मला कसलं श्रेय देऊ नये, हेही तुमच्यापुढे सांगते."

कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पुरस्कार मुरंब्याला." मग जे हसू फुटलं ते आवरेना. मिस व्हर्नेल मात्र हसत नव्हत्या. त्या ल्युशसच्या अंगठ्याकडे बघत होत्या. तो फोनवर भराभर चालत होता.

"ल्युशस, काय करतोयस?"

"काही नाही. जोझेटला कळवलं."

"काय कळवलंस?"

"तू बोललीस तेच. शब्दन् शब्द."

"ती तिथे बसली आहे रे, त्या लोकांत."

"मी पोस्टमन होतो व्हर्नेल. पत्र आलं की पोचवायचं, एवढंच मला येतं. चांगलं-वाईट बघून वाटत बसलो असतो तर गल्लीत निम्म्या लोकांना पत्रच मिळालं नसतं."

मिस व्हर्नेल मटकन खाली बसल्या. मी शेजारी बसले. त्यांनी माझा हात घेतला तो इतका घट्ट, की बांगडी रुतली. पडद्यावर कुणी ना कुणी येऊन काहीबाही बोलत होतं. आमच्यापैकी कुणाचंच त्यात लक्ष नव्हतं. आणि मग एकदम मूळ पटकथेचं नाव पुकारलं, आणि पाच चौकटींत पाच चेहरे दिसू लागले. चौघं हसू चेहऱ्यावर चिकटवून बसले होते. पाचवी जोझेट. निळा झगा, कानांत मोठे डूल, आणि मान खाली. मांडीवरचा फोन वाचत होती.

"बघ, वाचतेय," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "देवा, वाचतेय ती."

जोझेटचे खांदे हलू लागले. रडतेय की काय, कळेना. तिने हाताने तोंड झाकलं. स्टेजवरचा माणूस पाकीट फोडत होता, ते त्याला फाटता फाटेना. हॉलमध्ये ल्युशससुद्धा उभे राहिले होते, आणि मी, उपाशीपोटी, खुर्चीवर चढले होते. कधी चढले आठवत नाही.

"'दोन खुर्च्या'," तो माणूस म्हणाला.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. कोंबडीचं ताट कुणाच्या तरी मांडीवर गेलं, कुणी टेबल बडवत होतं, ल्युशस स्वतःची घंटा हरले होते आणि स्वतःच ती दोरी ओढून ओढून वाजवत होते. 'तारघर' म्हणणारे सगळेच आपण मनातून 'दोन खुर्च्या' म्हणालो होतो असं शपथेवर सांगत होते. मिस व्हर्नेल एकट्या जागच्या हलल्या नाहीत. "गप्प बसा," त्या म्हणाल्या. "गप्प बसा सगळे, ती बोलतेय."

जोझेट स्टेजवर उभी होती. डोळे पुसत होती, पण हसतही होती, धाप लागेपर्यंत.

"मला आत्ता एक निरोप आलाय," ती म्हणाली. "एका हॉलमधून. आज सकाळी मी फोन कुणाचाही घ्यायचा नाही असं ठरवलं होतं, घेतला असता तर माझ्याच तोंडून सांगितलं असतं. मिस व्हर्नेल, वाचन झालं की प्रती कोण गोळा करतं? मीच ना? तुमची प्रत मी घरी नेऊन किटलीच्या वाफेवर धरली. पान सुटलं, आंब्याचा वास आला. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

ल्युशसनी घंटेची दोरी सोडली.

"मी ते पान परत जोडून बघितलं. वाईट नव्हतं. पण तुम्ही थांबल्यावर त्या खोलीत कुणी किल्ली काढली नव्हती. तेवढं मी ऐकलं होतं. ते ऐकायला मी थिएटरात मागच्या रांगेत तुमच्या शेजारी बसून शिकले. म्हणून ते पान मी काढलं. तुम्ही नाही, मी काढलं. मुलाखतीत पान चिकटलं असं म्हटलं असतं तर तुम्हाला लाज वाटली असती, म्हणून तुम्ही मुद्दाम थांबलात असंच सांगत राहिले. बाकी माझं चुकलं असेल तर शनिवारी रागवा." मग तिने आईचं नाव घेतलं, आणि संगीत वाजू लागलं.

मिस व्हर्नेल अजून पडद्याकडेच बघत होत्या, तिथे आता कुणी दुसरंच आलं होतं तरी. मग म्हणाल्या, "पोरगी. इतकी वर्षं मला वाटतंय मी हिला सांभाळतेय." आणि हसायला लागल्या. हॅट तिरपी झाली, ती मी सरळ केली.

ल्युशसनी घंटा मखमलीसकट आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. "घे. पण निम्मी माझी. निरोप मी पोचवला."

"दोरी तू घे."

आम्हाला घरी सोडायला ल्युशसनीच गाडी काढली. क्रेनशॉवरून परत जाताना मिस व्हर्नेल मागच्या सीटवर घंटा धरून बसल्या होत्या आणि प्रत्येक थांबा पुकारत होत्या. पिको. वॉशिंग्टन. "अ‍ॅडम्स. शिंपीणबाई, तुझं अ‍ॅडम्स आलं." मी कधीच अ‍ॅडम्सला उतरत नाही आता, पण बरं वाटलं.

तेवढ्यात जोझेटचा फोन आला. तिच्यामागे एवढा गोंगाट होता की आम्हा तिघांनाही ऐकू गेलं. शनिवारी येते, म्हणाली, नवीन लिहिलंय, तुम्हीच वाचायचं. मिस व्हर्नेल "येते" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग वाकून खिडकीबाहेर आभाळ बघितलं. चंद्र अजून वर आला नव्हता.

"कुंदा," त्या म्हणाल्या, "एक काम कर माझं. या खेपेला मला सगळी पानं वाचायची आहेत. शनिवारी साखरांबा नको आणूस. चकल्या आण."